माळ छातीपर्यंत आली होती

रुवैस
५ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. सुनेत्रास,

सवयीने हात 'सौ.' लिहून गेला. खोडायला गेलो तर कागद फाटायला लागला, म्हणून तसंच ठेवलंय. माफ कर.

पेटी गावी पोचली, अरुणचं सगळं रीतीप्रमाणे झालं, हे फोनवर कळलं. मला येता आलं नाही. थोरला भाऊ असून आला नाही म्हणून गावात बोलत असतील. बोलू देत. नऊशे माणसांचं दुपारचं जेवण माझ्या एका किचनमधून इथल्या कामगारांच्या कॅम्पवर जातं, आणि ती माणसं काही माझ्या भावाच्या दिवसांत उपाशी राहणार नाहीत. तुला हे कडू वाटेल. मलाही वाटतं.

आईला सगळं सविस्तर हवंय. ती माझी पत्रं तुझ्याकडूनच वाचून घेते, तिला तुझाच आवाज नीट समजतो, म्हणून तुलाच लिहितो.

नऊ ऑक्टोबरला अरुणचे डोळे पिवळे दिसले. लघवी पिवळी, अंगाला खाज. मी त्याच दिवशी म्हणालो, "चल, डॉक्टरला दाखवू." त्याने ऐकलं नाही. तू वैद्यांकडून काविळीची माळ आणून पाठवतेस हे फोनवर कळल्यापासून त्याचं एकच पालुपद. "दादा, सुनेत्राची माळ येऊ दे. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत उतरली की कावीळ उतरते. कशाला हवा डॉक्टर?" तुला माहीतच आहे तो. एकदा नाही म्हणाला की नाही.

गावाहून परतलेल्या शारजाच्या रामचंद्रने माळ आणून दिली. डोक्यावर ठेवली. ती गळ्यात आली, मग छातीपर्यंत आली. अरुण खूश होता. आणि एकवीस तारखेला एकदम थंडी वाजून ताप, बडबड सुरू. अबूधाबीला नेला. तिथे कळलं की ही कावीळच निराळी होती. यकृतात पाण्याने भरलेली मोठी गाठ होती. कुत्र्यांच्या पोटातल्या बारीक किड्यामुळे ती होते म्हणे. ती गाठ फुटून पित्ताच्या नळीत गेली आणि नळी तुंबली. ऑपरेशन केलं, पण उशीर झाला होता. पाच दिवसांनी गेला.

तुझा यात काही दोष नाही. तू मायेनेच पाठवलीस.

आईला वाचून दाखव. माळेचं तेवढं हळू वाच.

तुझा भाऊजी,
भानुदास


रुवैस
१२ मार्च १९९८

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

दीड वर्षात तुझी एक ओळ नाही. तुझी जाऊ लतिका गावी जाऊन आली, तिच्याकडून कळलं की आईने तुला घरात ठेवलं नाही. सृष्टीला घेऊन तू संगमनेरला खोली केलीस आणि अंगणवाडीत लागलीस. आई म्हणते, "तिच्या माळेने माझं पोर खाल्लं." म्हातारं माणूस आहे, दुःखात बोलतं. मी तिला फोनवर सांगितलं की असं बोलू नकोस. ती म्हणाली, "तूच तर लिहिलं होतंस." मी फोन ठेवून दिला.

लतिका माझ्याशी कामापुरतंच बोलते. मीठ कमी आहे, गॅस संपलाय, एवढंच.

एक सांगतो, हसू नकोस. इथे किचनच्या मागे कोठार आहे, तांदूळ, पीठ, कांदे ठेवायचं. दुपारी गाड्या डबे घेऊन निघून गेल्या, भट्ट्या बंद झाल्या की तिथे आवाज येतो. खरखर, खरखर. कोणीतरी तांदळाच्या पोत्याला पाठ घासतंय असा. उंदीर असतील म्हणून औषध टाकलं. एकही उंदीर मेला नाही. पोती हलवून घेतली, तरी आवाज आहेच. परवा कुणाल शाळेतून तिथेच आला होता. त्याला म्हटलं, "जरा बघ रे आत कोण आहे." तो भर एक वाजता आत जाऊन आला आणि म्हणाला, "डॅड, देअर इज नोबडी देअर." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हाय आर यू स्वेटिंग?" त्याला काय सांगू? काकाला फार खाज सुटायची, हे त्याला सांगायचं कसं?

आमटीत हळद घालणं मी बंद केलंय. रंग बघवत नाही. केरळची पोरं कुरकुर करतात, "सेठ, ये दाल है या पानी?" करू देत.

काही लागलं तर कळव. नाहीतर नुसतं पोस्टकार्ड टाक, दोन शिव्या लिहून टाक. चालेल मला.

भानुदास


रुवैस
२१ नोव्हेंबर १९९९

चि. सुनेत्रास,

लतिकाला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास झाला म्हणून त्याच इस्पितळात जावं लागलं, अबूधाबीच्या. मी गाडीतच बसून राहणार होतो. ती म्हणाली, "तुम्हालाच वर यावं लागेल. मला अरबी येत नाही आणि तुम्हाला लाज येत नाही." तीन वर्षांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली.

वर हाफिजा भेटली. अरुणच्या वॉर्डातली नर्स, हैदराबादची. त्याला ती 'अरुणभाई' म्हणायची आणि त्याच्या पोटातून काढलेल्या नळीची पिशवी बदलताना त्याच्याशी स्वयंपाकाच्या गप्पा मारायची. ऑपरेशन कसं झालं ते मला तिनेच समजावलं होतं. गाठीतलं पाणी पोटात एक थेंब जरी सांडलं तरी तिथे नव्या गाठी धरतात, म्हणून तिच्या भोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या रचल्या. मग सुईने पाणी ओढून घेतलं, आणि आतून द्राक्षांसारखे लहान लहान फुगे काढले, एकामागून एक, वाटीभर. त्यांचीच सालं पित्ताच्या नळीत अडकली होती. ती धुऊन काढली आणि पित्त बाहेर यावं म्हणून रबरी नळी बसवली. त्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, सर्जनचे हात देवाचे होते, असं ती म्हणाली. हातांनी आपलं काम चोख केलं, सुनेत्रा. ऑपरेशन चुकलं नाही.

मला बघून ती लगेच म्हणाली, "भाईसाब, आप अब भी वही किचन चलाते?" मी हो म्हणालो. म्हणाली, "उस दिन आप बार-बार पूछ रहे थे, ये पीलिया दूसरों को लगेगा क्या, बलदिया को बताना पड़ेगा क्या. याद है? डॉक्टरसाब बोले थे, नहीं लगता. ये वाला किसी को नहीं लगता."

बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. किचनच्या कामगारांची हेल्थ कार्डं तेच देतात.

तिने आणखी एक विचारलं. ते मी आज लिहू शकत नाही. लिहायला बसलो होतो ते तेवढ्याचसाठी. लतिकाचं ऑपरेशन नीट झालं. ती बरी आहे.

भानुदास


रुवैस
२७ ऑक्टोबर २००२

सुनेत्रा,

सृष्टीचं पत्र आलं. तू लिहायला सांगितलं नाहीस हे तिने पहिल्याच ओळीत लिहिलंय, पत्ता जुन्या पाकिटावरून घेतला म्हणे. तेरा वर्षांची पोर, अक्षर अगदी अरुणचं. लिहिते, "काका, आई दर सत्तावीस ऑक्टोबरला जेवत नाही. तिला ताप आला तरी औषध घेत नाही. म्हणते, मी तुझ्या बाबांना औषधापासून अडवलं, आता मला कशाला औषध? हे खरं आहे का? तुम्ही तिथे होतात. मला खरं सांगा."

चार दिवस हे पत्र शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. आज सत्तावीस तारीख आहे. तू आजही जेवली नसशील.

खरं सांगतो. सहा वर्षांपूर्वी तुला लिहिलं ते खोटं होतं. अरुणने माळ घातलीच नाही. ती त्याच्या अंगाला लागलीसुद्धा नाही.

आता क्रमाने लिहितो, म्हणजे मला मध्येच पळता येणार नाही.

नऊ ऑक्टोबरला त्याचे डोळे पिवळे दिसले. आणि एकवीस तारखेला बलदियाचं इन्स्पेक्शन होतं. त्यावरच कॅम्पचं कॉन्ट्रॅक्ट पुढे मिळायचं होतं. माझ्या डोक्यात एकच, कावीळ म्हणजे लागण. नऊशे माणसांची आमटी ढवळणाऱ्याला कावीळ आहे हे कळलं तर किचनला कुलूप, सगळ्यांची कार्डं रद्द, व्हिसा खलास. मी पोरांना सांगितलं, अरुण रजेवर इंडियाला गेला. आणि त्याला कोठारात ठेवला. तांदळाच्या पोत्यांमागे गादी टाकली, बाहेरून कडी लावली. वेगळं ताट, वेगळा पेला. बारा दिवस. ऑक्टोबरमध्ये रुवैसला काय उकडतं हे तुला माहीत नाही. भिंतीत वर एक पंखा होता, तोही आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी पोरं कामावर असताना बंद ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दादा, मला डॉक्टरकडे ने. ही साधी कावीळ वाटत नाही. उजवीकडे बरगडीखाली काहीतरी भरून आलंय." त्याने माझा हात धरून तिथे लावला. मला लागलं हाताला. घट्ट, गोल. मी म्हणालो, "वारा धरला असेल. इन्स्पेक्शन होऊ दे, लगेच नेतो." डॉक्टरला तो नाही म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो.

मग रोज विचारायचा. दादा, आज? मी म्हणायचो, उद्या. सातव्या दिवसापासून विचारणं बंद केलं. नुसता पोत्याला पाठ घासत बसायचा. खाजेने त्याची पाठ सोलली होती. लतिका माझ्यापुढे रडली, "अहो, माणूस आहे तो, बटाटे नाहीत." मी तिला म्हणालो, "बाहेर बोललीस तर उद्या सगळे विमानात बसू." ती गप्प बसली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि स्वतःलाही माफ करत नाही.

माळेची कल्पनासुद्धा माझी. तुला फोन मी केला होता, आठवतं? "वैद्यांची माळ पाठव, अरुण मागतोय." तो मागत नव्हता. त्याला काहीतरी उपाय चालू आहे असं वाटावं, म्हणून मी मागवली. तू दोन दिवस उपाशी राहून, त्या डोंगरावर चालत जाऊन ती आणलीस हे मला नंतर कळलं.

एकवीसला सकाळी इन्स्पेक्शन झालं. साहेबाने फरशीवर बोट फिरवलं, फ्रीज उघडले, वजनकाटे बघितले. कोठाराशी आला. मी म्हणालो, "ओन्ली राइस, सर." त्याने मान हलवली, "यल्ला, गुड," म्हणाला आणि गेला. आत माझा भाऊ होता, सुनेत्रा, आणि तो आवाज काढत नव्हता. ताप चढलेला, दात वाजत होते, आणि त्याने टॉवेलचा बोळा तोंडात धरला होता. मी सांगितलं नव्हतं. माझं किचन वाचावं म्हणून त्याने स्वतः धरला होता. कडी काढली तेव्हा बोळा तसाच तोंडात होता आणि त्याला मी ओळखू आलो नाही.

दुपारी अबूधाबी. अडीचशे किलोमीटर. सर्जनने फोटो बघितला, म्हणाला ही गाठ पंधरा-वीस वर्षांची आहे, लहानपणी कुठे मेंढरं, कुत्री होती का? आमच्या गावात धनगरांची मेंढरं बसायची, त्यांचं कुत्रं अरुणच्या ताटात तोंड घालायचं आणि तो त्याला हाकलायचा नाही. एवढी वर्षं ती गाठ त्याच्या पोटात निवांत होती. मी विचारलं, दुसऱ्याला लागेल का? भाऊ मरायला टेकलेला आणि मी हे विचारलं. तो म्हणाला, नाही. कोणालाच नाही, कधीच नाही. मग विचारलं, किती दिवस पिवळा आहे? मी म्हणालो, दोन. हाफिजाने अरुणची सोललेली पाठ बघितली आणि माझ्याकडे बघितलं. सर्जन म्हणाला, आठवडाभर आधी आणला असता तर याच ऑपरेशनने पंधरा दिवसांत उठून चालत घरी गेला असता. आता विष रक्तात गेलंय.

म्हणजे किचनला काहीच होणार नव्हतं. पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर कार्डही राहिलं असतं आणि अरुणही.

माळ घेऊन रामचंद्र तेवीस तारखेला इस्पितळात आला. ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. हाफिजा म्हणाली, "जखम है, ये नहीं चलता," आणि मी ती खिशात ठेवली. अरुण शुद्धीवर होता. त्याला माळ दाखवली. त्याने बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "दादा, सुनेत्राला सांग, घातली म्हणून. छातीपर्यंत आली म्हणून सांग. तिला बरं वाटेल."

तुला बरं वाटावं म्हणून तो बोलला होता. ते वाक्य मी घेतलं आणि त्यानेच तुझ्यावर आळ घातला. एवढं नीच काम मी दुसरं केलेलं नाही. लतिकाला नेलं त्या दिवशी हाफिजाने विचारलं आणि मी तुला लिहू शकलो नाही ते हेच होतं, "वो माला का क्या किया, भाईसाब, जो आपने पहनाई नहीं?"

पेटीबरोबर मी आलो नाही याचं कारण कॉन्ट्रॅक्ट नव्हतं. तुझ्यासमोर उभा राहिलो असतो तर तू दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं असतंस.

तू त्याला मारलं नाहीस. मी मारलं. हे सृष्टीला वाचून दाखव, किंवा तिला स्वतःला वाचू दे. आणि आज जेव. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत तारीख उलटून गेलेली असेल, तरी ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी पोटभर जेव.

आईला पत्र पाठवत नाही. ती कोणाकडून तरी वाचून घेईल, आणि हे वाचण्याची शिक्षा मला दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. मी स्वतः जातो.

भानुदास


गाव
११ जानेवारी २००३, शनिवार

सुनेत्रा,

परवा आलो. काल दुपारी आईला पुढ्यात बसवून तुला लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. नक्कल ठेवली होती, मुद्दाम, म्हणजे आयत्या वेळी शब्द मऊ करता येणार नाहीत. टॉवेलच्या ठिकाणी मी थांबलो. ती म्हणाली, "वाच." मग पुढचं वाचलं.

पत्र संपेपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते पहिलं पत्र, माळेचं, मला कोणी वाचून दाखवलं होतं?"

मी म्हणालो, "सुनेत्राने."

"तिने सगळं वाचलं होतं," आई म्हणाली. "मला कुठे वाचता येतं? माळेचं गाळलं असतं तर मला कळलं नसतं. तिने एक अक्षर गाळलं नाही. वाचून कागद घडी करून माझ्या हातात दिला. आणि मी तिला बाहेर काढलं."

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर तिने पाय आत ओढून घेतले.

काल संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या प्रभावतीकाकूंना सांगते, "त्याला भाकरी वाढा." मी समोर बसलेला असतो. लतिका इथे असती तर म्हणाली असती, बरं झालं. मलाही बरंच झालं असं वाटतं.

आज सकाळी आईने स्वतः पिशवी भरली. दोन लुगडी, तुळशीची माळ, डोळ्यांचं औषध. काकूंना म्हणाली, "गुरुवारी साडेआठच्या गाडीने मी संगमनेरला जाते. ह्याला म्हणावं, स्टँडपर्यंत पिशवी आण. गाडीत बसू नकोस." म्हणून हे आजच पोस्टात टाकतोय, मंगळवारपर्यंत मिळेल.

ती एकटी येतेय. डाव्या डोळ्याने तिला आता दिसत नाही, उतरताना शेवटची पायरी चुकते, तेवढा हात दे. नको वाटलं तर तसं कर. तुला तो हक्क आहे आणि तिलाही तो माहीत आहे. परत कधी येणार, असं मी न राहवून विचारलं. तिने काकूंकडे बघून उत्तर दिलं.

"सुनेत्रा ठेवील तोवर."

भानुदास